पत्र्याखाली भट्टी, मग सिमेंटची कौलं घालावीत का? खर्च करण्याआधी हे वाचा

मार्च सरला की विदर्भ, मराठवाडा, खानदेशात दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. कमावती माणसं झाडाखाली, देवळात जाऊन बसतात, पण अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, बाळंतीण आणि तान्हं लेकरू घरातच असतं. म्हणून आता नवीन घर बांधणारे बरेच जण सिमेंटच्या कौलांची चौकशी करताना दिसतात. ही कौलं खरंच घर थंड ठेवतात का, आणि कुठे फसगत होते, ते समजून घेऊ.

पत्रा आणि स्लॅब का तापतो?

पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. ऊन पडलं की तो लगेच तापतो आणि ती धग थेट खाली फेकतो. एक गोष्ट मात्र चांगली, सूर्य मावळला की तो लवकर निवतो.

स्लॅबचं उलटं आहे. तो दिवसभर उष्णता पिऊन घेतो आणि रात्री खाली सोडतो. त्यामुळे दुपार निभावते, पण रात्री बारापर्यंत पंखासुद्धा गरम हवा मारतो.

जुन्या धाब्याच्या किंवा माळवदाच्या घरात जाड मातीमुळे गारवा टिकायचा. मात्र दरवर्षी पावसाळ्याआधी डागडुजी करावी लागायची. आता ते काम करणारी माणसंही कमी झाली.

सिमेंटच्या कौलात वेगळं काय?

सिमेंट, वाळू आणि पाणी साच्यात दाबून हे कौल तयार होतं. रंगासाठी त्यात लोह ऑक्साइडची भुकटी मिसळतात. एक कौल साधारण चार ते पाच किलोचं असतं आणि एका ब्रासला, म्हणजे 100 चौरस फुटांना, साधारण नव्वद ते शंभर कौलं लागतात.

गारवा एकट्या सिमेंटमुळे मिळत नाही. कौलं रिपांवर टेकलेली असतात. त्यामुळे कौलाच्या वरून वारा लागतो आणि खालूनही हवा खेळते. गरम हवा वर चढते आणि आढ्याजवळच्या फटींतून बाहेर जाते. सलग पत्र्याला किंवा स्लॅबला ही सोय नसते. कौलं स्लॅबला चिकटवून बसवली, तर हा फायदा बराचसा हातचा जातो.

रंगावर बरंच अवलंबून

काळपट, गडद तपकिरी कौल दिसायला भारी, पण ऊन जास्त शोषतं. कोरड्या, उष्ण भागात पांढरट, फिकट पिवळा किंवा फिकट विटकरी रंग घ्यावा. गडद कौलं आधीच घातली असतील, तर वरून पांढरा रंग मारता येतो. छत पांढरं केलं की घरात येणारी उष्णता कमी होते, हे सरकारांनीही मानलं आहे. शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये यासाठी वेगळं धोरणच आणलं.

सगळ्यात मोठी चूक: जुन्याच सांगाड्यावर कौलं

पत्रा काढला आणि त्याच अँगलवर कौलं चढवली, असं करू नका. घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर धरलं, तर उतार आणि बाहेर आलेली कड मिळून छत चारशे चौरस फुटांच्या घरात जातं. तेवढ्या छताचा पत्रा भरतो सुमारे दोनशे किलो. सिमेंटची कौलं भरतात दीड टनाहून जास्त. पत्र्यासाठी केलेल्या कैच्या आणि मातीच्या जुन्या भिंती हे ओझं पेलतीलच असं नाही. आधी जाणत्या मिस्त्रीला किंवा इंजिनिअरला भिंती दाखवा, मगच कौलांची ऑर्डर द्या.

मिस्त्रीला हे पाच प्रश्न विचारा

1. उतार किती देणार? दहा फूट आडव्या अंतराला निदान चार फूट चढ हवा. उतार कमी पडला की वाऱ्याचा पाऊस कौलाखाली शिरतो.

2. वळवाच्या वादळाचं काय? कडेच्या, खालच्या आणि आढ्याजवळच्या ओळी न गंजणाऱ्या स्क्रूने पक्क्या बांधायलाच हव्यात. वजन आहे म्हणून कौल उडत नाही, या भरवशावर राहू नका.

3. रिपांमधलं अंतर कौलाच्या मापाचं आहे का? माप चुकलं की कौलं नीट बसत नाहीत आणि गळती सुरू होते.

4. गरम हवा कुठून बाहेर जाणार? आढं सिमेंटने पूर्ण बंद करू नका. भिंतीत वरच्या बाजूला झरोके ठेवा.

5. सुटी कौलं किती ठेवणार? वीस-पंचवीस तरी बाजूला असू द्या. पुढे तोच साचा, तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

वानरं आणि गारपीट

विदर्भात वानरांनी कवेलूंचं नुकसान करणं नवीन नाही. म्हणूनच कित्येकांनी कवेलू उतरवून टिना टाकल्या. सिमेंटचं कौल मातीच्या कवेलूपेक्षा मजबूत असतं, पण अभंग नाही. मोठी गार किंवा झाडाची फांदी पडली तर तेही फुटतं. फायदा एवढाच की फुटलेलं एक कौल बदलता येतं, पूर्ण छत उघडावं लागत नाही.

घेताना दोन कौलं एकमेकांवर हलकी वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज म्हणजे तडा असू शकतो. एका कौलावर काही तास पाणी साठवून ठेवा. खालून थेंब गळत असतील तर तो माल घेऊ नका.

एवढा खर्च झेपत नसेल तर?

आहे त्या पत्र्याला दर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात द्या. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. आतून बांबूच्या तट्ट्यांचं छत बांधून वर हातभर मोकळी जागा ठेवली, तर पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही. पत्र्यावर कडबा किंवा तुराट्या टाकण्याआधी मात्र विचार करा, चूल किंवा वायरची एक ठिणगी पुरते.

बाहेरच 45 अंश असतील, तर कौलारू घरही थंडगार होणार नाही. पण वरून येणारी धग कमी झाली, की दुपारी घरात थांबावं लागणाऱ्यांचा त्रास कमी होतो. म्हणून कौलाचा भाव विचारण्याआधी भिंतींची ताकद, छताचा उतार आणि रंग या तीन गोष्टी पक्क्या करा.