विश्लेषण : ‘शांत स्वभावाचा’ रेस्क्यू कुत्रा दत्तक घेताय? आधी त्या शांतपणाचा अर्थ समजून घ्या

‘वय अंदाजे एक वर्ष, मिक्स ब्रीड, अतिशय शांत, लसीकरण पूर्ण. चांगले घर हवे.’ सोबत फोटो. एक कान उभा, एक पडलेला. असा मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी आला असेल. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यातला ‘शांत’ हा शब्द सर्वाधिक भावतो. कुत्रा घरी येतो आणि दोन-तीन आठवड्यांत तक्रार सुरू होते, ‘आधी असा नव्हता, आता भुंकतो, चपला चावतो.’ काही कुत्रे याच टप्प्यावर परत पाठवले जातात. प्रत्यक्षात कुत्रा बिघडलेला नसतो. तो रुळायला लागलेला असतो. म्हणूनच दत्तक घेण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असणे गरजेचे आहे.

मिक्स ब्रीड म्हणजे स्वभाव कसा?

आपल्याकडचे बहुतेक रेस्क्यू कुत्रे गावठी असतात किंवा गावठी आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन अशा जातींच्या संकरातून आलेले असतात. ‘कान लॅबसारखे आहेत, म्हणजे मायाळू असणार’ असा अंदाज अनेकजण बांधतात. तो फारसा भरवशाचा नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात एप्रिल २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील संशोधनात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेण्यात आली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी झाली. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीमुळे असतो, असे त्यात आढळले. थोडक्यात, रूपावरून स्वभाव ठरवू नका. समोरचा कुत्रा कसा वागतो, ते पाहा.

शेल्टरमधला शांतपणा खरा की भीतीचा?

कुत्रा घाबरला की भुंकतो किंवा पळतो, एवढेच आपल्याला माहीत असते. पण पळायला जागाच नसेल, तर अनेक कुत्रे गोठून जातात. हालचाल नाही, आवाज नाही, कोणीही हात लावला तरी प्रतिकार नाही. पाहणाऱ्याला तो ‘गुणी’ वाटतो. अपघातातून किंवा रस्त्यावरून नुकत्याच उचललेल्या, अनोळखी कुत्र्यांच्या आवाजात राहणाऱ्या तरुण कुत्र्याच्या बाबतीत हे सहज घडते.

फरक ओळखायचा कसा? मनाने शांत असलेल्या कुत्र्याचे अंग सैल असते. तो खाऊ घेतो, हुंगत फिरतो, तुमच्याजवळ येतो आणि स्वतःहून दूरही जातो. घाबरलेला कुत्रा कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसतो, शेपटी पोटाखाली घेतो, नजर टाळतो, सारखे ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, समोर चिकन ठेवले तरी तोंड लावत नाही. असा कुत्रा दत्तक घेऊ नये, असे मुळीच नाही. फक्त आपण शांत कुत्रा नेत नसून घाबरलेला कुत्रा नेत आहोत, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावे.

भेटीत काय पाहावे, काय विचारावे?

एका भेटीत निर्णय घेऊ नका. शक्यतो दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी जा. कुत्र्याला पिंजऱ्याबाहेर काढून थोडे फिरवायला मागा. रिक्षाचा हॉर्न, जाणारा माणूस, दुसरा कुत्रा यांकडे तो कसा पाहतो आणि दचकल्यावर किती वेळात सावरतो, हे लक्षात घ्या. घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील, तर त्यांनाही एकदा न्या.

सांभाळणाऱ्याला थेट प्रश्न विचारा. तो इथे किती दिवस आहे? खाताना जवळ गेले तर गुरगुरतो का? एकटा राहतो का? कधी कोणाला चावला आहे का? कुत्रा कोणाच्या घरी फॉस्टरमध्ये असेल, तर तिथली माहिती अधिक उपयोगी, कारण घरात तो कसा वागतो ते त्यांनी रोज पाहिलेले असते.

‘वय एक वर्ष’ याचा अर्थ काय?

रेस्क्यू कुत्र्याचे वय बहुतेकदा दातांवरून ठरवतात. साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. त्यानंतर दातांची झीज आणि पिवळेपणा पाहून केलेला तो अंदाज असतो. म्हणजे ‘एक वर्षाचा’ कुत्रा आठ महिन्यांचाही असू शकतो. सहा ते अठरा महिने हे कुत्र्याचे वयात येण्याचे दिवस. या काळात अंगात ताकद भरपूर आणि संयम कमी असतो. आज निवांत दिसणारा कुत्रा रोज सकाळ-संध्याकाळ फिरणे मागणार, हे गृहीत धरा.

पहिले तीन महिने कसे जातात?

रेस्क्यू करणाऱ्यांमध्ये ‘३-३-३’ असा एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे. पहिले ३ दिवस कुत्रा बावरलेला असतो. ३ आठवड्यांत घराचे वेळापत्रक त्याला कळू लागते आणि खरा स्वभाव दिसू लागतो. ३ महिन्यांत हे आपले घर आहे, याची त्याला खात्री पटते. प्रत्येक कुत्र्याचा वेग मात्र वेगळा असतो.

माझ्याच घरचे उदाहरण सांगतो. आम्ही आणलेली चिकू पहिले चार दिवस वॉशिंग मशीनच्या मागे बसून होती. ‘किती गुणाची पोर आहे,’ असे आई प्रत्येकाला फोनवर सांगायची. नवव्या दिवशी कुकरची शिट्टी ऐकून तिने जागेवरच सू केली. विसाव्या दिवशी ती दाराची बेल वाजल्यावर पहिल्यांदा भुंकली आणि शेजारच्या काकूंची तक्रार आली. आम्ही धास्तावून तिला सांभाळणाऱ्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अहो, ही चांगली बातमी आहे. तिला आता घर आपले वाटतेय.’ आज ती हॉलच्या मधोमध चारही पाय वर करून झोपते. खरा शांतपणा हा असतो, हे तेव्हा कळले.

या काळात नातेवाइकांना ‘बघायला’ बोलावू नका. झोपायची जागा, जेवण आणि फिरण्याची वेळ ठरलेली ठेवा. एकटे राहण्याची सवय दोन मिनिटे, पाच मिनिटे, पंधरा मिनिटे अशी हळूहळू लावा. घाबरलेला कुत्रा गळ्यातला पट्टा मागे खेचून सोडवून घेतो आणि पळतो. त्यामुळे सुरुवातीला अंगाला नीट बसणारा हार्नेस वापरा आणि मोकळ्या मैदानात त्याला सोडू नका. दिवाळीच्या तोंडावर नवा कुत्रा आणणे टाळलेलेच बरे.

‘लसीकरण पूर्ण’ म्हणजे नेमके काय?

निर्बीजीकरण मोहिमेत कुत्र्यांना रेबीजची लस दिली जाते आणि खूण म्हणून कानाचा छोटा तुकडा कापला जातो. डिस्टेम्पर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस या आजारांची लस वेगळी असते. म्हणून तोंडी ‘पूर्ण’वर विसंबू नका, लसीकरणाचे कार्ड मागा. नोंद नसेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लसी पुन्हा सुरू करा. जंतनाशक औषध द्या. गोचीड आढळल्यास रक्ततपासणी करून घ्या. गोचीड तापातही कुत्रा मलूल होतो आणि तो आजारही ‘शांतपणा’ म्हणून खपून जातो.

नुसती दूध-पोळी हा पुरेसा आहार नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट कुत्र्यांना विषारी ठरतात. कुत्र्याचा दात किंवा नख लागले, तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

सोसायटी आणि कायदा काय सांगतो?

भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही किंवा लिफ्ट नाकारता येत नाही. त्याच सूचनांत सार्वजनिक जागेत कुत्रा पट्ट्याने बांधून नेण्याचा आणि त्याची घाण उचलण्याचा आग्रहही मालकांना केला आहे. भाड्याच्या घरात राहत असाल तर करार वाचा आणि घरमालकाशी आधीच बोला. मुंबई, पुण्यासह महापालिका हद्दीत पाळीव कुत्र्यासाठी परवाना घ्यावा लागतो.

रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २२ ऑगस्ट २०२५चा आदेशही महत्त्वाचा आहे. इच्छुकांना महापालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घेता येईल, मात्र तो पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, याची जबाबदारी अर्जदाराची असेल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

नाहीच जमले तर?

कधी कधी प्रामाणिक प्रयत्न करूनही जमत नाही. अशा वेळी ज्यांच्याकडून कुत्रा आणला, त्यांनाच कळवून परत द्या. तशी सोय आहे का, हे घेतानाच विचारून ठेवा. ‘रस्त्यावरचाच होता, राहील’ म्हणून सोडून देणे चूक आहे. प्राण्याचे उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडणे, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी या कायद्यातला दंड अवघा १० ते ५० रुपये. पण घराची सवय लागलेल्या कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दीत सोडले, तर किंमत त्याला मोजावी लागते.

म्हणून फोन करण्यापूर्वी घरात एकच प्रश्न विचारा. हा कुत्रा तीन आठवड्यांनी भुंकायला लागला, तरी आपल्याला हवा आहे का? सगळ्यांचे उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल भेटायला जा.