पानातील तेल आणि जनुकांचा अंमल

तीळ, करडई किंवा शेंगदाणा घाण्यात घातला की तेल गळू लागते. त्याच झाडांची पाने कितीही चेचली तरी हाताला लागतो तो हिरवा रसच, आणि हा भेद इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याचे कारण विचारावे असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः ज्या मेदाम्लांपासून तेल होते ती पानाच्या हरितलवकांत उन्हाच्या वेळी मुबलक तयार होतात, आणि प्रकाशसंश्लेषणाची सारी यंत्रणा ज्या सूक्ष्म पटलांवर उभी असते ती पटले त्यांचीच बनलेली असतात. परंतु ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडून होणारे साठवणीचे तेल पानाच्या शुष्क वजनात सामान्यतः एक टक्काही भरत नाही.

रोपातील प्रत्येक पेशीला जनुकांचा संच एकच मिळालेला असतो; कोणत्या जनुकाने कोठे व केव्हा कामास लागावे, याचा बंदोबस्त तेवढा निरनिराळा. मोहरीच्या कुळातील अराबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपाच्या ज्या उत्परिवर्तित वाणाचे वर्णन १९९८ साली प्रसिद्ध झाले, त्याचे बी सुरकुतलेले होते, कारण त्यातील तेल सुमारे ८० टक्क्यांनी घटले होते. बिघडलेल्या जनुकाला 'रिंकल्ड-१' हे नाव मिळाले. हे जनुक स्वतः तेल बनवीत नाही. त्यापासून होणारे प्रथिन एखाद्या अंमलदाराप्रमाणे, शर्करेचे मेदाम्लांत रूपांतर करणाऱ्या अनेक जनुकांना कामाला लावते. बीज रुजल्यावर बीजावस्थेची नियामक जनुके बंद ठेवण्याचे काम 'पिकल' नावाचे जनुक करते. ते निकामी झाले, तर रोपाचे मूळ फुगून हिरवट होते आणि त्यात बियांसारखे तेल साठू लागते.

एवढ्याने कारभार संपत नाही. तिसरे मेदाम्ल जोडून तेलाचा रेणू पुरा करणारे विकर 'डीजीएटी-१' या जनुकापासून होते. तेलाच्या थेंबाभोवती कवच घालणारे 'ओलिओसिन' हे प्रथिन त्याचे रक्षण करते. आणि 'एसडीपी-१' जनुकाचे विकर साठलेले तेल फोडून खर्ची टाकते. या शेवटच्या जनुकाविना अंकुराला बियांतील तेल वापरता येत नाही आणि बाहेरून साखर दिल्यावाचून त्याची वाढ खुंटते.

हे सारे ध्यानी घेऊन ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या रोपात अराबिडॉप्सिसची 'रिंकल्ड-१' व 'डीजीएटी-१' आणि तिळाचे 'ओलिओसिन' अशी तीन जनुके एकत्र घातली. उत्पादन वाढवणे, ते साठवणीकडे वळवणे आणि साठा राखणे, अशी ही तिहेरी योजना होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पानांतील तेल शुष्क वजनाच्या १५ टक्क्यांवर पोहोचले. पुढे बीजावस्थेचे 'लेक-२' हे आणखी एक नियामक जनुक जोडून, किंवा 'एसडीपी-१' दाबून टाकून, २०१७ पर्यंत ते ३० टक्क्यांच्याही वर गेले. या वाढीची किंमत पानातील पिष्टाने मोजली, कारण एकाच कार्बनच्या जमेतून दोन्ही खर्च भागवावयाचे असतात.

म्हणून पानांच्या तेलाकडे इंधनाचा वा खाद्यतेलाचा नवा साठा म्हणून पाहणाऱ्यांनी तेलाच्या टक्केवारीबरोबरच रोपाची वाढ आणि एकरी उतारा यांचाही हिशेब मागितला पाहिजे. पान तेल साठवू शकते, हे आता सिद्ध आहे, ते शेतात परवडते की नाही, एवढेच ठरावयाचे आहे.