समुद्र फुकट, लाटा तिकिटावर

एप्रिल संपत आला की मिरा रोडच्या हाटकेशमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोनच विषय उरतात: टँकर किती वाजता येणार आणि यंदा वॉटर पार्कला कधी जायचं. स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून मोजून मिळणाऱ्या पाण्यावर भागवणारं हे शहर सुट्टी लागली की दुसऱ्याचं पाणी उडवायला तिकीट काढून जातं. मनाला लावून घेऊ नका. पार्कातलं पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून पंपाने पुन्हा वर चढवतात आणि घसरगुंडीवरून खाली सोडतात. म्हणजे अर्धं पार्क पाण्याचं आणि अर्धं पंपांचं असतं. दुसरं अर्धं आपल्याला दाखवत नाहीत इतकंच.

समुद्राच्या काठचं पार्क म्हटलं की हाटकेशकराच्या डोळ्यांपुढे गोराईच येते. आणि इथे एक गंमत आहे, जी बोरिवली-मालाडच्या पाहुण्यांना ऐटीत सांगावी.

मुंबईत शिरा, पण मुंबईबाहेरून

गोराई मुंबई महापालिकेच्या हद्दीत येते. पण मुंबईतून तिथे जायचं तर मध्ये खाडी आडवी. बोरिवलीकर गोराई जेट्टीवरून बोट धरतात, मालाडकर मार्वेहून. जमिनीवरून, चाकांवर जायचं असेल तर रस्ता आपल्या दारातून: भाईंदर पश्चिम, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन आणि मग गोराई. एरवी चर्चगेट लोकलमध्ये आपल्याला ‘लांबून येणारे’ समजणाऱ्या मंडळींना मुंबईच्याच एका गावात गाडीने जायला आपल्या गावातून वळसा घालावा लागतो. याहून गोड सूड नाही.

भाईंदरपासून मनोरीपर्यंतच्या या पट्ट्याचं जुनं नाव धारावी बेट. गाडीत मागे बसलेली मुलं लगेच विचारणार, ‘ती धारावी?’ ती नाही. ही धारावी चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतली. उत्तनजवळ चौक इथला धारावीचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात खाडीपलीकडचा वसईचा किल्लाही पडला. किल्ल्याच्या जागी आज चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. ऐन मे महिन्याच्या उन्हात लढणाऱ्या त्या फौजेचा विचार केला की ‘एसी वाढव ना’ म्हणायला जीभ रेटत नाही.

रस्ता सुंदर आहे, पण अरुंद आहे. रविवारी सकाळी दहानंतर निघालात तर मुर्धा आणि राईमधली प्रत्येक पाटी तोंडपाठ होईल.

जाहिरातीने मोठं केलेलं गाव

सुभाष चंद्रांच्या एस्सेल समूहाने गोराईत एस्सेल वर्ल्ड उघडलं ते १९८९ मध्ये. झी टीव्ही त्यानंतरचा, १९९२ चा. म्हणजे या घराण्याने आधी लोकांना झोपाळ्यांत गरगर फिरवलं आणि मग मालिकांत. नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणालाही एस्सेल वर्ल्डच्या जाहिरातीतलं गाणं आजही झोपेतून उठवून विचारा, चालीसकट म्हणून दाखवतील. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं. एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं, पाण्याचं राज्य मात्र त्यानंतरही चालू राहिलं. पाळणे गंजतात, पाणी गंजत नाही, असं कुणी म्हणेल. खरं कारण उकाडा असावा.

आशियातलं सर्वांत मोठं थीम वॉटर पार्क, अशी वॉटर किंगडमची स्वतःची जाहिरात. आता भारतातलं जवळपास प्रत्येक पार्क कशात ना कशात आशियात पहिलं असतं. आशिया खंड फार सोसतो. तिथल्या लाटांच्या तलावाचं नाव ‘वेटलँटिक’. अरबी समुद्राच्या काठावर बसून अटलांटिकच्या नावाने कोटी करायला धाडस लागतं.

आणि शेजार कुणाचा? जगभरातून लोक मौनात बसायला येतात त्या ग्लोबल विपश्यना पॅगोडाचा. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी ८ फेब्रुवारी २००९ रोजी त्याचं उद्घाटन केलं. आतल्या घुमटाला एकही खांब नाही आणि साधारण आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. इकडे घसरगुंडीवर किंचाळ्या, तिकडे श्वासाकडे लक्ष. आजी-आजोबांना पाण्यात रस नसेल तर त्यांना तिकडे सोडा. दोन्ही पार्ट्या खूश.

खऱ्या समुद्राशेजारी खोटा समुद्र

हा वेडेपणा आपलाच आहे असं समजू नका. जपानमधल्या मियाझाकीत १९९३ मध्ये ‘ओशन डोम’ नावाचं छप्पर असलेलं वॉटर पार्क उघडलं. आत कृत्रिम किनारा, संगमरवराच्या चुऱ्याची वाळू, नकली ज्वालामुखी आणि यंत्राने उठणाऱ्या लाटा. आणि खराखुरा समुद्र? काही शे मीटरवर. लोक तो सोडून आत जात. २००७ मध्ये ते बंद पडलं. चिलीतल्या आल्गारोबो गावी तर पॅसिफिकच्या अगदी काठाला समांतर एक किलोमीटरहून लांब तलाव आहे. त्यात पाणी समुद्राचंच, गाळून घेतलेलं. उन्हाळ्यातही हुडहुडी भरवणारा पॅसिफिक आणि त्याच्या शेजारी निवांत निळं पाणी, असा तो थाट.

यंत्राच्या लाटांचं वेड शंभरीपार गेलंय. जर्मनीत स्टार्नबर्गच्या तळ्याकाठी लाटांचा स्नानतलाव १९०५ मध्येच सुरू झाला होता. आज आपण ज्याला वॉटर पार्क म्हणतो तो प्रकार मात्र बराच अलीकडचा; अमेरिकेत ऑर्लँडोला १९७७ मध्ये निघालेल्या ‘वेट अँड वाइल्ड’ला पहिलेपणाचा मान देतात.

लाट बनते कशी? बऱ्याच पार्कांत तलावाच्या खोल टोकाला, भिंतीमागे बंद कप्पे असतात. त्यांत पंख्याने हवा दाबतात, कप्प्यातलं पाणी खाली ढकललं जातं आणि समोर लाट उठते. हवा सोडली की पाणी परत आत. भोंगा वाजला की लाटा, पुन्हा वाजला की विश्रांती. ती विश्रांती आपल्या दमासाठी असतेच, पण जीवरक्षकाला तलावातली डोकी मोजायलाही वेळ मिळावा म्हणून असते.

समुद्राचा भोंगा पंचांगात

खऱ्या समुद्राला भोंगा नाही, तिथी आहे. कोकणातल्या लोकांचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघाली. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, दोन्हीकडे हाच हिशेब. दिवसातून दोनदा भरती, मध्ये सुमारे सहा तासांनी ओहोटी. घड्याळ थोडं मागेपुढे होतं, पण सहलीपुरता हा हिशेब पुरतो.

यामागे चंद्र आहे. तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा. आपल्या पूर्वजांनी पन्नासचे पंचेचाळीस केले, कारण पाऊण तासाने गुणायला सोपं जातं. अचूकतेपेक्षा तोंडी हिशेब बरा, हे ज्याला कळलं तो होडी वेळेवर लोटणार.

आता हे सहलीत कसं वापरायचं? भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तुमचा दिवस अष्टमीला येत असेल तर भरदुपारी बाराला ओहोटी. गोराई-उत्तनच्या किनाऱ्यावर पाणी लांब गेलेलं, मध्ये ओली रेती आणि चिखल. दिवस पार्कात घालवा आणि संध्याकाळी किनाऱ्यावर फिरा, पाणी तोवर परत आलेलं असेल. पौर्णिमा-अमावस्येला उलटं. दुपारी उधाण, तेव्हा मुलांना किनाऱ्यापासून लांबच ठेवलेलं बरं. आणि मुंबईचा कुणी पाहुणा बोटीने येणार असेल तर त्यालाही तिथी विचारून घ्या.

समुद्रात आंघोळ मात्र नकोच. आत ओढणारे प्रवाह वरून दिसत नाहीत, आणि पोहता येतं असं वाटणारेच जास्त आत जातात.

बाकीच्या दिशा, धावत्या गाडीतून

काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे गेलात तर सूरज वॉटर पार्क. समुद्र नाही, डोंगर आहे, आणि वाटेत गायमुख घाट, जिथे ट्रॅफिक लागला की पार्क गाडीतच सुरू होतं, फक्त पाणी नसतं.

हायवेने वर्सोवा पुलावरून (अंधेरीचं वर्सोवा नव्हे, वसई खाडीवरचं) वसई-विरारकडे गेलात तर भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा. इथे मोठ्या पार्कची अपेक्षा ठेवू नका. ही रिसॉर्टची पट्टी आहे: एक-दोन घसरगुंड्या, एक तलाव, रेन डान्स आणि नाश्ता-जेवण-चहा मिळून एकच दर. मोठ्या कुटुंबाला, आत्या-मामांसकट तीस जणांना, हेच बरं पडतं. वाढदिवस उरकतो, कुणी हरवत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली. मुलांना गाडीसकट बोटीत चढण्याचं अप्रूप घसरगुंडीपेक्षा जास्त असतं, हे पैसे भरण्याआधी लक्षात घ्या.

तिकीट, टेप आणि टीशर्ट

एसटीचं हाफ तिकीट वयावर मिळतं, वॉटर पार्कचं बहुतेक ठिकाणी उंचीवर. त्यामुळे दारात लहान दिसायला गुडघे वाकवून चालणारा मुलगा आत मोठ्या घसरगुंडीपाशी टाचा उंचावून उभा राहतो. दोन्हीकडे पट्टी एकच.

सुती कपड्यांना मनाई का? सूत पाणी पितं, जड होतं आणि त्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात. साडी नेसून पाण्यात उतरणं तर धोक्याचंच. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख घरून न्या, तिथे भाड्याने घेण्यापेक्षा स्वस्त आणि मनाला बरं. मुलांचा रंग निवडताना मात्र आईने आवडीवर जाऊ नये. निळ्या तळाच्या पाण्यात निळा आणि पांढरा पोशाख दिसेनासा होतो. भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या. फोटोत वाईट दिसेल, पाण्यात उठून दिसेल.

घसरगुंडीवर जाडजूड मामा भाच्याच्या आधी खाली पोचतो, ते का? गुरुत्वाकर्षण दोघांचा वेग सारखाच वाढवतं. पण हवेचा आणि पाण्याचा रोध जड माणसाच्या वेगाला कमी खातो. मामाने फुशारकी मारू नये, हे वजनाचं काम आहे.

बोटं सुरकुततात ती पाणी शोषून फुगल्यामुळे, असं आपण लहानपणापासून ऐकलं. तसं नाही. मज्जातंतूंच्या हुकमावरून बोटांच्या टोकांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी आत ओढली जाते. ज्या बोटाची नस तुटलेली असते ते बोट पाण्यात राहूनही सुरकुतत नाही. २०१३ मधल्या एका ब्रिटिश प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या उचलणं सोपं गेल्याचं दिसलं.

आता नाकाची गोष्ट. तलावाला ‘क्लोरीनचा वास’ येतो तो शुद्धपणाचा पुरावा समजला जातो. खरं तर क्लोरीनची घामाशी आणि (सांगायला लाज वाटते, पण) लघवीशी गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं, आणि डोळे झोंबवणारा तो वास त्याचा असतो. नीट ठेवलेल्या तलावाला वास कमीच येतो. म्हणून आत शिरल्यावर दोन गोष्टी करा: खोल श्वास घ्या, आणि तलावाच्या तळाची जाळी स्पष्ट दिसते का पाहा. जाळी दिसत नसेल तर बुडालेलं मूलही दिसणार नाही. असं दिसलं की पैसे गेले तरी त्या तलावात उतरू नका. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, ते गप्प होतं. जीवरक्षक असला तरी एका मोठ्याने मोबाइल खिशात ठेवून नुसतं बघत बसायचं, आणि पाळी लावून बसायचं.

आमचा कौल

पाच-सहा जणांचं कुटुंब, शाळकरी मुलं आणि एखादी आजी असेल तर गोराई. कारण घसरगुंड्या नव्हेत. जमिनीचा रस्ता, शेजारचा पॅगोडा आणि संध्याकाळचा किनारा, हे तिन्ही एका फेरीत दुसरीकडे जमत नाही. तीस जणांचा गोतावळा असेल तर वसईचं रिसॉर्ट. घोडबंदर फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर.

शनिवार-रविवार टाळा. मे महिन्यातच जा. मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला पोचतो आणि शाळाही त्याच सुमारास उघडतात, मग ना सुट्टी उरते ना ऊन. शिवाय १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे परतताना उत्तनला ताजी मासळी घ्यायची तर तीही मेमध्येच. निघण्याआधी पार्कात फोन करून त्या दिवशी चालू आहे ना, बाहेरचं खाणं चालतं का आणि लाटांच्या वेळा काय, एवढं विचारून घ्या. आणि घरून पोटभर थालीपीठ खाऊन निघा, कारण पाण्यातून बाहेर आलेल्या मुलांची भूक तिथल्या कँटीनच्या दरात भागवणं परवडत नाही.