ओसरीवरचा साग

काटोलच्या बाजूला जुनं घर म्हणजे समोर ओटा, त्यावर सागवानी खांबांची ओसरी, जड चौकटीचा दरवाजा आणि वर कवेलूंचं छप्पर. सातपुड्याचा साग जवळच, म्हणून घराचं बाहेरचं अंगही लाकडाचंच. हा साग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण आपोआप नाही. त्याला राखण्याची एक विद्या आहे आणि तिचं सार असं: लाकूड भिजलं तर चालतं, ओलं राहिलं तर चालत नाही.

नागपूरकर भोसल्यांचा लाकडी कोरीवकामाने मढवलेला राजवाडा 1864 मध्ये आगीत गेला. आग डोळ्यांदेखत खाते. ओल वर्षानुवर्षं आतून खाते. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. आमचं हवामान तर दोन टोकांचं. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हात लाकूड आकसतं, तडकतं. मृगाचा पाऊस आला की फुगतं आणि दारं अडकू लागतात. दरवर्षीच्या या ओढाताणीत भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जातं. सगळ्यांत जास्त पाणी शिरतं ते कापलेल्या टोकांतून, कारण झाड जिवंत असताना पाणी वर नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. खांबाचा बुडखा, तुळईचं बाहेर आलेलं टोक, दाराच्या फळीची खालची कड: कूज इथूनच सुरू होते.

जुन्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा केला आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छपराची वळचण लांब काढली. नॉर्वेत बोर्गुंडचं लाकडी चर्च बाराव्या शतकाच्या अखेरीपासून उभं आहे. तिथल्या आधीच्या चर्चांचे खांब जमिनीत पुरलेले असत आणि ते कुजून गेले. या चर्चचा सांगाडा दगडी पायावर ठेवला आणि वरून पाइनच्या डांबराचे लेप देत राहिले. इतक्या लांबच्या कारागिरांनीही तोच धडा गिरवला.

आपल्याकडे लेप जवसाच्या तेलाचा. जवस विदर्भाच्या मातीतलंच पीक, आणि रंगाच्या दुकानात मिळणारं बेलतेल हे त्याचंच उकळलेलं तेल. ते हवेतला प्राणवायू घेऊन लाकडाच्या आत घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल तसं घट्ट होत नाही. चिकट राहून धूळ धरतं. मात्र नुसतं बेलतेल ऊन अडवत नाही. उन्हाने लाकडातला बांधून ठेवणारा घटक, लिग्निन, तुटतो आणि साग राखाडी पडतो. त्यासाठी तेलात गेरू कालवतात. स्वीडनमधल्या फालूनच्या खाणीतल्या मातीचा जो लाल रंग तिथल्या लाकडी घरांना लावतात, त्यातही गेरूसारखंच लोहाचं ऑक्साइड असतं.

तेल लावायचं ते लाकूड पुरतं सुकलं असताना, म्हणजे चैत्र-वैशाखात, सकाळच्या सावलीत. आधी धूळ आणि काळी बुरशी धुऊन काढावी, लाकूड वाळू द्यावं, पॉलिशपेपर मारावा. पहिला हात टरपेंटाइन घालून पातळ असावा. टोकांना तेल पिईल तेवढं पाजावं आणि अर्ध्या तासाने वर उरलेलं पुसून घ्यावं. पुसलेली फडकी बोळा करून टाकू नयेत: तेल घट्ट होताना उष्णता सोडतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात बुडवून ठेवावीत.

वाळवीचं म्हणाल तर सागाचा गाभा ती सहसा टाळते. बाहेरचा पांढरा भाग मात्र खाते. ओट्याच्या कडेला मातीच्या नळ्या दिसल्या की मोडाव्यात, वाळवी कुठून येते ते शोधून बंदोबस्त करावा, जळतण भिंतीला टेकवून रचू नये. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1933 मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं, लाकूड वाळवी-बुरशीपासून वाचवणारं मिश्रण शोधलं. ते लाकडी खांबांसाठी जगभर वापरलं गेलं. पण आर्सेनिकमुळे अमेरिकेत 2003 अखेर त्याचा घरगुती वापर बहुतांशी थांबला. मुलं जिथे खेळतात त्या ओसरीवर ते नकोच.

आज मला खरी भीती वाटते ती ऑइलपेंट आणि सिमेंटची. ऑइलपेंटच्या पापुद्र्याला चीर गेली की पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडतं. ओट्यावर फरशी बसवताना तळखडा काँक्रीटमध्ये गाडला की खांबाचे पाय कायमचे ओलीत राहतात. मग दहा वर्षांत बुडखा भुसभुशीत होतो आणि घरधनी म्हणतो, लाकूडच जुनं झालं. आणि अख्खी ओसरी भंगारात जाते.

तसं करण्याआधी खांबाला टोचा मारून पाहावा. बहुतेक वेळा कूज खालच्या हातभर भागातच असते. जाणता सुतार छपराला टेकू देऊन तेवढाच भाग कापतो, जुन्याच सागाचा तुकडा खाचेने सांधतो आणि तो पुन्हा दगडावर बसवतो. हे काम येणारे सुतार अजून आपल्यात आहेत. त्यांना या उन्हाळ्यात, मृगाच्या आधी बोलवा, आणि तळखड्याभोवतीचं सिमेंट आधी फोडायला लावा.