पीटभूमीतील मिथेन आणि वनस्पतींची मुळे

सन १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा याने इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले. त्यांतील ज्वालाग्राही वायू म्हणजेच मिथेन होय. चिखलात निर्माण झालेल्या या वायूपैकी किती भाग हवेत पोहोचतो व किती वाटेतच नाहीसा होतो, हे ठरविताना मात्र वनस्पतींच्या मुळांचा विचार अपरिहार्य ठरतो.

थंड व पाणथळ प्रदेशांत वनस्पतींचे अवशेष पुरते न कुजता थरावर थर साचतात. यालाच पीट म्हणतात. पीटभूमीने जगातील जमिनीचा सुमारे ३ टक्केच भाग व्यापला असला, तरी मातीतील एकूण कार्बनापैकी सुमारे एकतृतीयांश कार्बन तीत साठलेला आहे. जलपातळीखाली प्राणवायू नसतो. तेथे आर्किया वर्गातील सूक्ष्मजीव ॲसिटेटपासून, अथवा हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांपासून, मिथेन तयार करतात. वरच्या हवेशीर थरातील जीवाणू त्याचे ज्वलनासारखे ऑक्सिडीकरण करून कार्बन डायऑक्साइड बनवितात. शंभर वर्षांच्या कालावधीत समान वजनाचा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता रोखतो. म्हणून या थोड्याशा प्रवासात काय घडते यास महत्त्व आहे.

मुळे या प्रवासात तीन प्रकारे हस्तक्षेप करतात. प्रथमतः त्यांतून पाझरणारी सेंद्रिय द्रव्ये सूक्ष्मजीवांचे खाद्य होतात. दुसरे असे की, लव्हाळ्याच्या कुळातील कॅरेक्स, इरिओफोरम इत्यादी वनस्पतींच्या मुळांत व खोडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून मिथेन वरचा जीवाणूंचा थर टाळून थेट वातावरणात जातो. तिसरा परिणाम याच्या उलट आहे. त्याच पोकळ्यांतून प्राणवायू खाली उतरतो, मुळांभोवती झिरपतो आणि तेथील मिथेनाचा नाश घडवितो. एकच मूळ अशा रीतीने मिथेनाचे पोषकही असते आणि मारकही. स्फॅग्नम या शेवाळास तर मुळेच नसतात. उलट त्याच्या पेशींत मिथेन खाणारे जीवाणू वास करतात.

यांपैकी पहिल्या परिणामाचा पुरावा अमेरिकेतील उत्तर मिनेसोटात मिळाला. तेथील खोल पीटमध्ये विरघळलेल्या मिथेनातील कार्बनाचे वय किरणोत्सारी कार्बनाच्या साहाय्याने मोजले असता, ते त्याच खोलीवरील पीटपेक्षा बरेच कमी आढळले. याचा अर्थ, तो मिथेन बव्हंशी प्राचीन पीटमधून नव्हे, तर वरून झिरपलेल्या अलीकडच्या सेंद्रिय द्रव्यांतून निर्माण झाला होता.

याच राज्यातील मार्सेल प्रायोगिक वनात ‘स्प्रूस’ या प्रयोगात दहा बंदिस्त क्षेत्रांपैकी काहींतील हवा व माती २०१५ पासून ९ अंश सेल्सिअसपर्यंत अधिक तापविण्यात आली. उष्णतेबरोबर मिथेनाचे उत्सर्जन वाढले; झुडपांच्या बारीक मुळांची वाढही लक्षणीय झाली. परंतु या झुडपांच्या मुळांत लव्हाळ्यासारखे वायुमार्ग नसतात. म्हणजे मुळे किती वाढली एवढे मोजून भागत नाही; ती कोणत्या जातीची व जलपातळीच्या वर आहेत की खाली, हेही पाहावे लागते.

केवळ तापमान व जलपातळी यांवरून मिथेनाचा हिशेब मांडणारी समीकरणे म्हणूनच अपुरी पडतात. भातखाचरांतही बहुतांश मिथेन रोपांच्या अशाच वायुमार्गांतून बाहेर पडतो. यास्तव हा प्रश्न केवळ उत्तरेकडील दलदलींचा नसून, कोकणातील भातशेतीचा अभ्यास करणाऱ्यांचाही आहे.