नवी गाडी, पहिली सर्व्हिसिंग: शोरूममध्ये टाकावी की घरीच करावी?

जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर नजर टाकली तर सीटचं प्लास्टिकही न निघालेल्या गाड्या हमखास दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बरेच दिवस थांबलेल्या अनेक घरांनी त्यानंतर गाडी घेतली. कुणी कॉलेजसाठी, कुणी मासळी-भाजीच्या फेरीसाठी, कुणी कामाच्या जागी जायला. नवेगाव बांधसारख्या ठिकाणी दुचाकी ही चैन नाही. बाजार, दवाखाना, कचेरी, सोयरीक, सगळं तिच्यावरच चालतं.

गाडी घरी आली की महिनाभरात एक प्रश्न उभा राहतो. पहिली सर्व्हिसिंग कुठे करायची? गोंदिया इथून साठ-पासष्ट किलोमीटर. आपल्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर जवळ नसेल तर तेवढ्यासाठी दिवसाची मजुरी बुडते, पेट्रोल वेगळं जातं. मग कुणी म्हणतो, ‘ऑइलच तर बदलायचं आहे, घरीच बदलू.’ मोबाईलवर व्हिडिओ आहेत, घरात पाना आहे. हे खरंच परवडतं का, ते आपण नीट समजून घेऊ.

पहिल्याच सर्व्हिसिंगला एवढं महत्त्व का?

नव्या इंजिनात पिस्टन, रिंगा, सिलिंडर आणि गिअर हे सगळे भाग पहिल्यांदाच एकमेकांवर घासत असतात. डोळ्यांना ते गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यावर बारीक खडबडीतपणा असतो. पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये तो झिजतो आणि भाग एकमेकांत नीट बसतात. या झिजेतून निघालेला धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो. तेच ऑइल पुढे चालू ठेवलं तर तो चुरा इंजिनभर फिरत राहतो. म्हणून पहिलं ऑइल लवकर बदलायचं असतं, मग ते वरून कितीही स्वच्छ दिसो.

दुसरी गोष्ट नट-बोल्टची. नवी गाडी धक्के खात चालली की काही जोड सैल पडतात. नवी चेन पहिल्या काही दिवसांतच ढिली होते. क्लच आणि ब्रेकच्या केबल ताणतात, हँडलच्या बेअरिंगमध्ये खेळ येतो, व्हॉल्व्हचं अंतर, ज्याला आपण टॅपेट म्हणतो, ते बदलू शकतं. पहिल्या सर्व्हिसिंगमध्ये हे सगळं एकदा तपासून जागेवर आणायचं असतं. ऑइल बदलणं हा त्यातला फक्त एक भाग आहे.

वेळ कधीची? बहुतेक कंपन्या ५०० ते १००० किलोमीटर किंवा महिना ते दोन महिने अशी मुदत देतात आणि यातलं जे आधी येईल ते धरतात. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो. इथून गोंदियाच्या सहा फेऱ्या झाल्या की साडेसातशे किलोमीटर पार होतात, त्यामुळे वेळ पटकन निघून जाते. उलट गाडी कमी चालली तरी दिवसांची मुदत संपते, हे बरेच जण विसरतात.

‘फ्री’ म्हणजे नेमकं काय फ्री?

पहिल्या तीन ते पाच सर्व्हिसिंग फ्री असतात असं सांगितलं जातं. त्यात मजुरी फ्री असते. ऑइल, फिल्टर, ग्रीस अशा वस्तूंचे पैसे द्यावे लागतात आणि त्यावर जीएसटीही लागतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला साधारण लिटरभर किंवा त्याहून थोडं कमी ऑइल लागतं, म्हणजे तीनशे ते पाचशे रुपयांच्या आसपास. हा खर्च घरी केला तरी टळत नाही, ऑइल तर विकत घ्यावंच लागतं. घरी सर्व्हिसिंग करून वाचते ती फक्त जाण्यायेण्याची दगदग, कारण मजुरी तशीही फ्रीच आहे.

या छोट्या बचतीसमोर ठेवावी लागते ती वॉरंटी. आजकाल दुचाकींवर साधारण तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते आणि तिच्या अटींमध्ये फ्री सर्व्हिसिंग वेळेत, अधिकृत ठिकाणी करण्याची अट असते. पुस्तिकेतलं एक कुपन रिकामं राहिलं आणि वर्षभराने इंजिनमधून आवाज आला, तर ‘तुम्ही सर्व्हिसिंग चुकवली’ असं उत्तर मिळू शकतं. हप्ते अजून चालू असताना इंजिनचं काम खिशातून करायची वेळ आली, तर एका दिवसाची मजुरी वाचवणं फार महाग पडतं.

घरी केली तर काय बिघडू शकतं?

ऑइल बदलणं अवघड नाही. पण नवख्या हाताकडून तीन गोष्टी हमखास होतात.

पहिली, ड्रेन बोल्ट जास्त आवळणं. इंजिनचं खालचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं असतं. जोर लावून बोल्ट आवळला तर आटे जातात आणि मग ऑइल गळत राहतं.

दुसरी, चुकीचं ऑइल. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. अशा गाडीला डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ लिहिलेलं ऑइल लागतं. स्कूटरचं ‘एमबी’ ऑइल किंवा कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. जाडीही कंपनीप्रमाणे वेगळी असते. कुणाला १०डब्ल्यू-३० चालतं, कुणाला २०डब्ल्यू-५०. ‘ऑइल ते ऑइल’ असं नसतं.

तिसरी, माप. कमी ऑइल इंजिन खातं हे सगळ्यांना माहीत आहे, पण जास्त ऑइलही नुकसान करतं.

याशिवाय १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-६ आहेत. कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले. मीटरवर इंजिनचा दिवा लागला तर दोष शोधायला स्कॅनर लागतो, स्क्रू फिरवून ते जमत नाही. टॅपेटचं अंतर बघायला फीलर गेज आणि सरावलेला हात लागतो.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. पहिली सर्व्हिसिंग आणि पुढच्या सगळ्या फ्री सर्व्हिसिंग अधिकृत सेंटरमध्येच करा.

पण गाडी सोडून जाऊ नका

शोरूममध्ये टाकली म्हणजे काम झालंच, असंही नाही. गर्दीच्या दिवशी धुऊन-पुसून, ऑइल बदलून गाडी हातात दिली जाते आणि बाकी यादीवर नुसत्या टिका होतात, अशी तक्रार ठिकठिकाणी ऐकू येते. यावर उपाय ग्राहकाच्याच हातात आहे.

- फोन करून आधी वेळ घ्या. सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे त्याच दिवशी परत येता येईल.
- येताना जाणवलेल्या गोष्टी कागदावर लिहून न्या: ब्रेक दाबला की आवाज येतो, गिअर अडकतो, हँडल एका बाजूला ओढतं. हे सगळं जॉब कार्डवर लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा.
- ‘भाऊ, ऑइल माझ्यासमोर टाका’ असं सांगायला संकोच नको. डबा सीलबंद आहे का, कोणतं ऑइल आहे, ते बघा.
- चेन, दोन्ही ब्रेक, क्लचचा खेळ, टायरची हवा, लाइट आणि हॉर्न हे गाडी ताब्यात घेतानाच तपासा. एक छोटी फेरी मारून बघा.
- इंजिन फ्लश, कोटिंग, ऑइलमध्ये टाकायचं ‘पॉवर’वालं औषध असं काही सुचवलं तर ते पुस्तिकेत आहे का, विचारा. नसेल तर नम्रपणे नको म्हणा. नव्या इंजिनाला त्याची गरज नसते.
- पुस्तिकेत तारीख, किलोमीटर आणि शिक्का घ्या. बिल जपून ठेवा, मोबाईलमध्ये फोटोही काढा.

एवढं करूनही वॉरंटीचं काम विनाकारण नाकारलं गेलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या खरेदीसाठी तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही. तिथे तुमची बाजू मांडणारा कागद म्हणजे तेच जॉब कार्ड आणि तेच बिल.

मग घरी काय करायचं?

घरी करण्यासारखं खूप आहे आणि ते दर आठवड्याला करायचं असतं. नव्या चालकाने पहिल्याच महिन्यात ही कामं शिकावीत.

चेन: भातखाचरांच्या बाजूचा चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ चेन लवकर खातात. फडक्याने पुसून तिला चेन स्प्रे किंवा ९० नंबरचं ऑइल लावा. इंजिनमधून निघालेलं काळं ऑइल चेनला लावायची सवय आपल्याकडे आहे, ती सोडा. त्यात धातूचा चुरा असतो, चेन उलट झिजते. चेन मधोमध वर-खाली हलवून बघा. बऱ्याच गाड्यांना साधारण इंचभर खेळ लागतो, नेमकं माप पुस्तिकेत मिळेल. पुसताना इंजिन बंदच ठेवा. चालू चेनमध्ये बोटं जाण्याचे अपघात होतात.

ऑइलची पातळी: गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर दोन-चार मिनिटांनी बघा. बऱ्याच गाड्यांत पट्टी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे.

हवा: टायर थंड असताना तपासा. एकट्याने बसण्याचा आकडा वेगळा आणि डबलसीटचा वेगळा असतो. तो पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो.

ब्रेक: कोहमारा असो की अर्जुनी मोरगावकडचा रस्ता, भोवती जंगल आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा हा परिसर. अंधार पडल्यावर रानडुक्कर, चितळ केव्हा समोर येईल सांगता येत नाही. प्रतापगडच्या दर्ग्यावर जाऊन रात्री परतणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघायला दहा सेकंदही लागत नाहीत.

स्कूटर चालवणाऱ्या मुलींनी आणि बहिणींनीही हे शिकावं. स्कूटरला चेन नसते, पण हवा, ब्रेक आणि इंजिन ऑइल बघावंच लागतं. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, ते कधी बदलायचं हे सर्व्हिसिंगला विचारून घ्या.

आणि पहिले काहीशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवा. एकाच वेगात फार वेळ नको, पूर्ण रेस नको, मोठ्या गिअरमध्ये गाडी कण्हत चढवणं नको. तांदळाचं पोतं आणि वर दोन माणसं, हे तर सध्या नकोच.

गावच्या मिस्त्रीचं काय?

हा प्रश्न आपल्या समाजाच्या जवळचा आहे. विदर्भातल्या कितीतरी गॅरेजमध्ये आपलीच मुलं उस्तादाच्या हाताखाली काम शिकली आणि त्यावर घरं चालवली. फ्री सर्व्हिसिंग शोरूममध्ये करा म्हणजे मिस्त्रीकडे जाऊ नका, असं आम्ही म्हणत नाही. पंक्चर, केबल, ब्रेक शू, चेन ताणणं ही कामं त्याचीच आहेत. फ्री सर्व्हिसिंग आणि वॉरंटी संपली की गाडी पुढची दहा वर्षं त्याच्याच हातात राहते. शोरूममधून आल्यावर आवाज वेगळा वाटला तर आधी ज्याला ऐकवावा असा कानही त्याचाच.

पण कामाचं स्वरूप बदललं आहे, हे तरुण मिस्त्रींनी ओळखायला हवं. स्कॅनर वापरणं, सेन्सर तपासणं, वायरिंग वाचणं आता टाळता येणार नाही. आयटीआयमध्ये दुचाकी-तीनचाकी मेकॅनिकचा ट्रेड आहे. हात उस्तादाकडून तयार झाला असेल आणि सोबत प्रमाणपत्रही असेल, तर शोरूममधली नोकरी आणि स्वतःचं गॅरेज, दोन्ही दारं उघडी राहतात.

काळं ऑइल तलावाच्या वाटेने जाऊ देऊ नका

घरी ऑइल बदलण्यातली सगळ्यात मोठी अडचण शेवटी येते: निघालेल्या ऑइलचं काय करायचं? नालीत ओतलं तर ते पावसाच्या पाण्याबरोबर वाहत जातं. इथे ते वाहून जाण्याची ठिकाणं म्हणजे भातशेती, बोड्या आणि नवेगावचा तलाव. याच पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांची पोटं आहेत, हिवाळ्यात पाहुणे पक्षी इथेच उतरतात, आणि महाराष्ट्रात जे थोडे सारस उरले आहेत ते मुख्यतः याच गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या शेतांत आणि तलावांच्या काठी. पाण्यावर ऑइलचा पातळ थर पसरला की खालच्या जिवांना हवा मिळत नाही.

साचलेल्या पाण्यात घाण करू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहे आणि ती आपण लहानपणीच ऐकलेली आहे. ऑइल त्याला अपवाद कसं असेल? कायद्यानेही वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. सर्व्हिस सेंटरमध्ये ते पिंपात गोळा होऊन पुनर्वापरासाठी जातं. पुढे कधी मिस्त्रीकडे किंवा घरी ऑइल बदललं, तर ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. मिस्त्रीलाही एकदा विचारा, ‘चाचा, काळं ऑइल कुठं टाकता?’ चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पिंप ठेवलं जातं.

आज एवढंच करा. मीटरवरचे किलोमीटर बघा, पुस्तिका उघडून पहिल्या सर्व्हिसिंगची मुदत वाचा, आणि दोन्हींपैकी काही जवळ आलं असेल तर सेंटरला फोन लावा.