मजकूर कोणता, आज्ञा कोणती?

प्राथमिक शाळेतला श्रुतलेखनाचा तास आठवून पाहा. बाई सावकाश सांगत असत, ‘राम स्वल्पविराम सीता आणि लक्ष्मण वनात गेले पूर्णविराम’. वर्गात एखादा तरी नवखा मुलगा असे, जो टिंब न देता ‘पूर्णविराम’ हा अख्खा शब्दच वहीत लिहून मोकळा होई. सगळे हसत. पण त्या मुलाची अडचण खरी होती. कानावर पडणाऱ्या शब्दांतले लिहायचे कोणते आणि पाळायचे कोणते, हे केवळ आवाजावरून कळत नाही. संकेतस्थळाचे पान आपल्याला दाखवणाऱ्या ब्राउझरची अडचण नेमकी हीच आहे. फक्त त्याची चूक हसण्यावारी नेता येत नाही.

ब्राउझरकडे पान येते ते सलग मजकुराच्या रूपात. वाचकाला दाखवायचे शब्द आणि ‘हे ठळक कर’, ‘इथे चित्र लाव’ यांसारख्या आज्ञा त्यात एकमेकांत मिसळलेल्या असतात. एचटीएमएल नावाची ही पद्धत टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास आखली. आज्ञा कुठे सुरू होते हे कळण्यासाठी त्यात एक खूण आहे. शाळेच्या गणितात ‘५ < ७’ लिहिताना वापरतो ते ‘पेक्षा लहान’ चिन्ह. ते दिसले की ब्राउझर समजतो, पुढे येते आहे ती आज्ञा.

मग एखाद्याला पानावर खरोखरच ‘५ < ७’ असे दाखवायचे असेल तर? त्यासाठी त्या चिन्हाऐवजी एक संकेत पाठवतात. आधी & हे चिन्ह, मग ‘लेस दॅन’ची आद्याक्षरे एल आणि टी, शेवटी अर्धविराम. हा संकेत वाचून ब्राउझर पडद्यावर ‘पेक्षा लहान’चे चिन्ह काढतो, पण त्याला आज्ञा मानत नाही. ‘आता पूर्णविराम हा शब्दच लिहा’ असे बाईंनी बजावून सांगावे, तसेच हे. या रूपांतराला एन्कोडिंग किंवा एस्केपिंग म्हणतात.

सुरुवातीला हे रूपांतर करायचे राहिले, तर फार तर पानाची मांडणी विस्कटत असे. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीच्या ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली आणि पानातल्या आज्ञा काम करू लागल्या. पान बदलणे, बटणे दाबणे, माहिती दुसरीकडे पाठवणे, हे सारे त्यांना जमू लागले.

समजा, एका रुग्णालयाच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची वेळ घेण्याचा अर्ज आहे. कुणी ‘नाव’ या रकान्यात नावाऐवजी जावास्क्रिप्टची आज्ञा लिहिली. अर्ज साठवला गेला. सकाळी स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्याने दिवसभराची यादी उघडली. यादी दाखवताना त्या रकान्याचे एन्कोडिंग केलेले नसेल, तर ती आज्ञा त्याच्या संगणकावर, त्याच्या अधिकाराने चालू लागते. त्याला ज्या रुग्णांची माहिती पाहता येते, ती आता त्या आज्ञेलाही पाहता येते. ब्राउझरच्या दृष्टीने ती रुग्णालयाच्याच पानातून आलेली असते, म्हणून तो तिच्यावर विश्वास ठेवतो. या हल्ल्याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट केंद्राने फेब्रुवारी २००० मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

इशाऱ्यानंतर साडेपाच वर्षांनी, ऑक्टोबर २००५ मध्ये, त्याचे प्रात्यक्षिक जगाने पाहिले. सॅमी कामकार या १९ वर्षांच्या अमेरिकी तरुणाने मायस्पेस या तेव्हाच्या लोकप्रिय समाजमाध्यमावर आपल्या ओळखपानात एक आज्ञा दडवली. ते पान जो उघडेल, त्याच्या नावाने सॅमीला मैत्रीची विनंती जाई, ‘सॅमी माझा हिरो आहे’ अशा अर्थाची ओळ त्याच्या पानावर उमटे आणि ती आज्ञाही तिथे उतरे. मग त्याचे पान पाहणाऱ्याला लागण होई. सुमारे २० तासांत १० लाखांहून अधिक खाती यात सापडली आणि मायस्पेसला आपली सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. सॅमीने कुणाची माहिती चोरली नव्हती, पण ती चोरता आली असती. २००७ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. पुढे तो संगणक-सुरक्षेचा संशोधक झाला.

मायस्पेस गाफील होते असे नाही. सदस्यांना आपले पान सजवता यावे म्हणून त्यांनी काही आज्ञांना मुभा दिली होती आणि ‘जावास्क्रिप्ट’सारखे धोक्याचे शब्द ते काढून टाकत. सॅमीने त्या शब्दाच्या मधोमध नवी ओळ घातली. चाळणीला तो शब्द ओळखू आला नाही. काही ब्राउझरांनी मात्र समजूतदारपणे दोन्ही तुकडे जोडून वाचले. वाईट शब्दांची यादी कधीच पुरी होत नाही, ती अशी. एन्कोडिंगला यादी लागत नाही. आत काय लिहिले आहे हे न तपासता, बाहेरून आलेले सारे काही फक्त अक्षरे म्हणून दाखवायचे, एवढाच त्याचा नियम. जिथे सजावटीची मुभा द्यायचीच असेल, तिथे चालणाऱ्या मोजक्या आज्ञांची यादी करून बाकी सगळे गाळावे लागते.

एन्कोडिंगच्या खुणा आपण रोज पाहतो. मराठी शब्द असलेला एखादा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की कधी कधी टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. ते वेबपत्त्यासाठीचे एन्कोडिंग. त्यात एकट्या ‘म’ची नऊ चिन्हे होतात. पानातल्या मजकुराचे नियम वेगळे, पत्त्याचे वेगळे, जावास्क्रिप्टच्या आतले आणखी वेगळे. म्हणूनच हे काम मजकूर साठवताना नव्हे, तर दाखवताना, जागा पाहून करायचे असते. तेच दोनदा केले, तर दुकानाच्या नावातल्या & चिन्हामागे ए-एम-पी अशी इंग्रजी अक्षरे आणि अर्धविराम लोंबकळताना दिसतात. ते ओंगळ दिसते, पण त्याने कुणाची माहिती चोरीला जात नाही. मुळीच न करणे हे मात्र महागात पडते.

उपाय इतका जुना आणि साधा असूनही अमेरिकेतील माइटर संस्थेच्या २०२४ च्या सर्वांत धोकादायक २५ त्रुटींच्या यादीत हीच त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहे. आज पाने बनवण्याची बहुतेक साधने एन्कोडिंग आपोआप करतात. पण घाईत कुणी ते बंद करते, तर कुठे जुनी पाने तशीच चालू राहतात.

तेव्हा आपली सोसायटी, शाळा किंवा दवाखाना संकेतस्थळ बनवून घेत असेल, तर पैसे चुकते करण्यापूर्वी एक करून पाहा. अर्जातल्या नावाच्या रकान्यात, ‘पेक्षा लहान’ चिन्हाला लागून इंग्रजी अक्षर येईल अशा रीतीने, ‘a<b & c>d’ असे लिहा आणि ज्या ज्या पानावर ते नाव दिसते, तिथे ते जसेच्या तसे उमटते का ते पाहा. एवढ्याने सारे सुरक्षित ठरत नाही. पण एखादे चिन्ह गायब झाले किंवा पान विस्कटले, तर बनवणाऱ्याला विचारा: आमच्या पानावर लोक जे लिहितील, ते ब्राउझर नुसते दाखवणार आहे की पाळणार आहे?